आत्याची चौथी

माझी आत्या माझ्या वर्गात होती. शिकवायला नव्हे, शिकायला. पहिलीत, माझ्या मागे, शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून. तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ती छत्तीसची. पुढं दुसरीही आम्ही बरोबरच केली आणि तिसरीही. त्या तीन वर्षांत तीन गावं झाली, तीन शाळा झाल्या, मैत्रिणी बदलल्या, गुरुजी बदलले, बसायच्या पट्ट्यांचा रंगसुद्धा बदलला. आत्या तेवढी कायम. शाळेतली तुझी सगळ्यात जुनी मैत्रीण कोण, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते, कारण खरं उत्तर सांगितलं तर लोक हसतात.

बाबा वनखात्यात गार्ड होते. बदली हा आमच्या घरचा वार्षिक सण. त्यात सरकारी नियमांचा वाटा किती आणि बाबांच्या फटकळ तोंडाचा किती, हे आईने मला कधी नीट सांगितलं नाही. मे महिना संपत आला की दारात टेम्पो उभा राहायचा. भांडी गोणीत, गोणी पलंगाखाली, पलंग उलटा, त्यावर कोंबड्यांची डालगी आणि सगळ्यावर आई, एका हाताने दोर धरून. पुढं ड्रायव्हरशेजारची मानाची जागा आत्याची. तिच्या मांडीवर माझं दप्तर. देवाचा फोटो मागे गोणीत गेला तरी चालेल, दप्तर मागे जाणार नाही. नव्या गावात टेम्पो थांबला की आई विचारायची, विहीर कुठंय. बाबा विचारायचे, चौकी कुठंय. आत्या खाली उतरायच्या आधीच विचारायची, "शाला कुठं हाय गो बाय?"

आणि कुणी हटकलंच, तर तिचं ठरलेलं वाक्य असायचं. "पोर रडतं म्हनून. मला काय त्याचं."

आता पोर रडतं हे खरं होतं. पोर म्हणजे मी. पण मी शाळेला घाबरून रडायचे नाही. शाळा मला आवडायची. मी रडायचे ते डोंगळ्यामुळे.

हे डोंगळ्याचं प्रकरण नीट सांगायला हवं. खर्डीच्या शाळेत पहिल्या दिवशी मी आत्याचं बोट धरून मोठ्या ऐटीत गेले. उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच डाव्या दंडाला, बाहीच्या आत, अशी सणसणीत कळ आली की मी भोकाड पसरलं. आत्याने लगेच खाली वाकून माझ्या पायाजवळ चापट मारली. "डोंगला गो. मेला बघ एकदाचा," ती म्हणाली. मग वर बघून बाईंना म्हणाली की पोर नवीन हाय, बुजतंय, दोन दिवस मी मागं बसते. बाई कनवाळू होत्या. त्या हो म्हणाल्या. आत्याने काखेतून दुमडलेलं गोणपाट काढलं आणि शेवटच्या रांगेत अंथरलं. गोणपाट ती घरूनच घेऊन आली होती, हे माझ्या लक्षात यायला पुढं तीस वर्षं लागली.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, मग वर्ष झालं. पहिला आठवडाभर डोंगळा रोज चावला. मग बाईंना आत्याची सवय झाली आणि काय योगायोग, डोंगळेही थांबले.

रिकाम्या हातांनी बसायचं आत्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन आली आणि तांदूळ पाखडायला लागली. बाई फळ्यावर 'क' काढतायत आणि मागून सूप वाजतंय. बाईंनी सूप बंद केलं. मग आत्याने आवाज न होणारी कामं शोधली. पावसाळ्यात शेवळं निवडायची, थंडीत वालाच्या शेंगा सोलायच्या. शेवळाची भाजी खाजरी, म्हणून त्याला ती पोरांना हात लावू देत नसे, पण वालाला सगळे. चित्रकलेच्या तासाला अख्खी पहिली गोल करून वाल सोलायची. बाई आधी रागावल्या, मग घरी जाताना ओंजळभर वाल नेऊ लागल्या, आणि चित्रकलेचे तास आठवड्यातून एकाचे तीन झाले.

हात शेंगांत असले तरी तिचं तोंड फळ्याकडे असायचं. एखाद्या पोराला वाचायला उभं केलं आणि ते 'बदक' शब्दातल्या 'द'पाशी अडून राहिलं, की आत्याच्या जिवाची घालमेल व्हायची. ती पुढं झुकायची, मान हलवायची, आणि शेवटी न राहवून कुजबुजायची, "दऽऽ रे, दऽऽ." बाई विचारायच्या, कोण बोललं? आत्या शेंगा सोलत असायची.

हजेरीचं तर विचारूच नका. बाईंनी माझं नाव घेतलं की दोन आवाज यायचे. एक माझा, आणि एक मागून, दबक्या आवाजातला, "हजर." मला वाटायचं, माझा आवाज लहान आहे म्हणून ती जोर देते.

दुसरीला आम्ही मुरबाड तालुक्यात धसईला गेलो. शाळेच्या दारात डोंगळा चावलाच. गुरुजी नवीन, मी नवीन, आत्याचं गोणपाट जुनं. दुसरीत पाढे आले आणि आमच्या घरातली चूल बदलून गेली. आत्या भाकऱ्या थापताना पाढे म्हणायची. एका भाकरीला एक. बे एके बे, बे दुणे चार. मध्ये कुणी बोललं तर भाकरी बिघडायची. बाबा चौकीवरून भुकेले यायचे, काही मागायला तोंड उघडायचे आणि आत्या नुसता पिठाचा हात वर करायची. "बे सत्ते" झालं म्हणजे अजून तीन भाकऱ्या आहेत, तोवर गप्प उभं राहायचं, हे बाबांना समजलेलं होतं. आई म्हणायची, "वन्सं शाळेत, पोर शाळेत, आता तुमीबी जा, मी चुलीला एकटी बरी." पण आत्याने सतराचा पाढा पहिल्यांदा न अडखळता म्हटला, तेव्हा आईनेच कोपऱ्यातल्या डब्यातला गूळ काढून तिच्या हातावर ठेवला. सतराच्या पाढ्याच्या भाकऱ्या जरा जाड झाल्या होत्या.

धसईच्या गुरुजींनी एकदा सहज विचारलं, बाई, तुमचं शिक्षण किती? आत्या म्हणाली, "दारापरत."

वर्ग हसला. गुरुजीही हसले. पण ते खरं होतं. आत्या सगळ्यांत थोरली. बाबा तिच्याहून सहा वर्षांनी लहान. बाबांना शाळेत घातलं तेव्हा मध्ये ओढा लागायचा, म्हणून ती त्यांना कडेवर घेऊन ओढा ओलांडायची, शाळेच्या दारात उतरवायची आणि बकऱ्या घेऊन रानात जायची. संध्याकाळी परत दारात. बाबा दुसरीत असताना तिचं लग्न झालं. काही वर्षांनी नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि आत्या एक ट्रंक घेऊन माघारी आली. तोवर बाबांना नोकरी लागली होती. त्या नवऱ्याबद्दल ती एकदाही वाईट बोलली नाही, कारण ती त्याच्याबद्दल बोलतच नसे.

तिसरीला वैशाखरे. माळशेजच्या रस्त्याला लागून गाव, रस्त्यापलीकडे शाळा, आणि दारात डोंगळा. आता मात्र मी शहाणी झाले होते. खर्डीतही डोंगळा, धसईतही डोंगळा आणि इथंही. म्हणजे हे डोंगळे गावचे नाहीत, ते आपल्याबरोबर टेम्पोतून येतात. मी दप्तर झटकलं, गोणपाट उन्हात घातलं, डालगीखाली बघितलं. शेवटी बाबांना विचारलं, कारण जंगलातलं सगळं त्यांना माहीत असायचं. बाबांनी माझा दंड पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाले, डोंगळा बाहीत शिरून दरवर्षी एकाच जागी चावत नाही. मग त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्या फुंकणीने चूल फुंकत होती. चूल चांगली पेटलेली होती.

वैशाखऱ्यातच तो तपासणीचा पराक्रम घडला. मोठे साहेब शाळा तपासायला आले. गुरुजींनी आत्याला आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं, उद्या तेवढं येऊ नका. पण सकाळी माझ्या दंडाला डोंगळा चावला, मी रडले, काय करणार. गुरुजींनी तिला कपाटाच्या आड बसवलं. साहेबांनी तिसरीला विचारलं, आपल्या ठाणे जिल्ह्यातले तालुके सांगा. आम्ही सगळे पायांच्या अंगठ्याकडे बघायला लागलो. पंख्याविना घाम फुटलेले गुरुजी खिडकीतून बाहेर बघायला लागले. आणि कपाट बोललं.

"मुरबाड, शहापूर, वाडा, मोखाडा, जव्हार..."

कपाटाने एकही तालुका सोडला नाही. शेवटी श्वास घेऊन म्हणालं, "पैकी शहापूरला आमची आता बदली व्हायची हाय."

साहेब कपाटाच्या मागे गेले. आत्या उठून उभी राहिली, ओटीतले वाल सांडले. साहेबांनी विचारलं, ह्या कोण? गुरुजी म्हणाले, पालक आहेत. साहेबांनी विचारलं, आज पालकसभा आहे का? आत्या म्हणाली, "पोर रडतं म्हनून, साहेब. मला काय त्याचं." साहेबांनी वाल उचलायला मदत केली आणि शेरेबुकात लिहिलं, पालकांचा सहभाग चांगला. गुरुजींना त्या शेऱ्याचा पुढं वर्षभर उपयोग झाला.

वैशाखरे सोडताना बाबा माझा शाळेचा दाखला आणायला गेले, तेव्हा आत्याही गेली. प्रत्येक शाळेत ती जायची. गुरुजींनी दाखला लिहिला, शिक्का मारला आणि पुढं केला. आत्याने तो वाचून पाहिला. आता ती एकेक अक्षर लावत वाचायची, पण वाचायची. मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाली, "येकच देतात?" गुरुजी म्हणाले, मुलगी एकच आहे ना. आत्या म्हणाली, "तसं नाय, इचारलं आपलं." आणि तिने तो घडी करून बाबांच्या खिशात घातला.

मग आलं शहापूर. माझी चौथी.

आत्याच्या अंगात त्या जूनमध्ये वारं शिरलं होतं. गोणपाट नवं शिवलं. माझ्या पुस्तकांना तिने कव्हरं घातली, तीही बाबांच्या खात्याच्या जाड कागदाची. आईला ती दोनदा म्हणाली, चवथी म्हंजे पूर्वीची फायनल हाय, चवथी झाली म्हंजे झालं. आईला वाटलं, माझ्याबद्दल बोलतेय. मलाही तेच वाटलं.

शहापूरची शाळा पक्की होती. व्हरांड्याला नवा गुळगुळीत कोबा, नुकताच धुतलेला. दारात बाई उभ्या होत्या, कडक इस्त्रीच्या. आम्ही पायऱ्या चढलो आणि डोंगळा चावला. माझं तोंड रडायला उघडलं, पण त्याआधी डोळे खाली गेले. तीन वर्षांचा अनुभव होता, या वेळी मी त्याला पकडणार होते. खाली कोबा. स्वच्छ, लाल, ओला. मुंगीसुद्धा नाही. मग मी दंडाकडे पाहिलं. माझ्या बाहीच्या आत आत्याची दोन बोटं होती.

मी नऊ वर्षांची होते आणि अख्खी शाळा बघत होती. मी मोठ्याने म्हटलं, "आत्या, तूच चिमटा काढतेस."

पोरं हसली. कडक इस्त्रीच्या बाईसुद्धा हसल्या. आत्याने बोटं काढून घेतली. मी डोळे पुसले, मान ताठ केली आणि एकटी आत गेले. मला इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी. बाई म्हणाल्या, शाब्बास, अशी धीट मुलगी हवी. मी पहिल्या रांगेत बसले. मधल्या सुट्टीत बाहेर आले तर दारात नवं गोणपाट नव्हतं, आत्याही नव्हती.

ती रागावली नाही. रोज मला फाटकापर्यंत पोचवायची आणि माघारी जायची. पुढं भाकऱ्या मुक्यानेच थापल्या जाऊ लागल्या. आईने एकदा विचारलं, वन्सं, पाढे इसरलात का? आत्या म्हणाली, "आता काय करायचेत?" मी तिथंच बसून चौथीचा धडा पाठ करत होते. मोठ्याने. तेव्हा मला काहीच कळलं नाही, हे आता लिहितानाही टोचतं.

तर आता तीस वर्षांनंतरची गोष्ट. मी आरोग्य खात्यात नर्स आहे आणि बदलीचा सण माझ्याकडे आलाय. बाबा-आई धसईला घर बांधून राहिलेत. आत्या मात्र तिथं टिकत नाही. एका जागी राहिलं की तिचे पाय दुखतात म्हणे. ती माझ्याबरोबर गावोगाव हिंडते, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी माझ्या मुलीचं, मनूचं, दप्तर मांडीवर घेऊन बसते. फक्त आता शाळा कुठंय म्हणून विचारत नाही. मनूला ती आजवर दोन शाळांच्या फाटकापर्यंत सोडून आली आणि दोन्ही वेळा तशीच माघारी फिरली.

या जूनमध्ये माझी बदली शहापूरला झाली. मनू चौथीत. सामान लावताना आत्याची ट्रंक मी पहिल्यांदाच उघडली, म्हणजे तिचं कुलूप गंजून आपोआप निखळलं. वर दोन लुगडी. खाली माझी पुस्तकं. पहिलीचं मराठी, दुसरीचं मराठी, तिसरीचं मराठी, आणि तिसरीचं भूगोल, ज्याच्यात जिल्ह्याच्या नकाशावर प्रत्येक तालुक्यावर पेन्सिलीने टिंब होतं. बोट ठेवून ठेवून पानांचे कोपरे काळे झालेले. मी म्हटलं, अगं, एवढी जपलीस, मग माझं चौथीचं कुठं गेलं?

आत्या मनूचे कपडे दोरीवर टाकत होती. मागे न बघता म्हणाली, "चवथी कुठं झाली माझी?"

मी ती पुस्तकं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. बाहेर मनू रिक्षावाल्या शेजाऱ्याच्या पोरांशी भांडत होती. चिमटे मला बसले होते आणि शाळा तिची सुटली होती. माझ्या एका वाक्याने.

दुसऱ्या दिवशी शाळा सुरू व्हायची होती. शाळा तीच. व्हरांडाही तोच, कोबा आता जुना होऊन तडकलेला. मी, आत्या आणि मनू पायऱ्या चढलो. दारात बाई होत्या, तरुण, हसऱ्या, गळ्यात ओळखपत्र. मनू काही रडणाऱ्यातली नाही. तिने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही, दप्तर खांद्यावर टाकलं आणि आत जाऊन बाकावर एका मुलीला सरकायला सांगितलं.

आत्या उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली, नेहमीसारखी. हातात तिची कापडी पिशवी होती. मी पिशवीत डोकावले. वर शेवळं होती. शेवळांखाली दुमडलेलं गोणपाट.

मग मला काय झालं कोण जाणे. मी बाही वर केली आणि डावा दंड तिच्यापुढं धरला.

"काढ," मी म्हटलं.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "येडी हायस काय गो?"

"काढ. बाई दार लावतील."

एकोणसत्तर वर्षांची बाई, पण बोटांत अजून तीच ताकद, आणि जागाही तीच. तिने असा करकचून चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि एकदा आलं ते थांबेचना. मी तिथं, नर्सच्या गणवेशात, सगळ्या पालकांदेखत, भोकाड पसरलं. खोटं रडायचं ठरवलं होतं, पण ते खोटं राहिलं नाही.

बाई घाबरून पुढं आल्या. म्हणाल्या, अहो ताई, मुलगी तर छान बसलीय, तुम्ही का रडताय?

आत्या लगेच खाली वाकली, कोब्यावर एक चापट मारली आणि सरळ झाली. तीस वर्षं तिच्या तोंडून न ऐकलेला सूर मला ऐकू आला. "हिला सवय हाय वो, बाई. शालेचं दार दिसलं का रडतेच ही. मी आत बसले म्हंजे गप ऱ्हाईल. मागं बसते, कुनाला तरास नाय. मला काय त्याचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मी रडत रडतच मान हलवली. बाई म्हणाल्या, बसा आजी, आज बसा. त्यांना काय माहीत, आत्याच्या 'आज'चं वर्ष होतं ते.

मी खिडकीशी थांबले. आत शेवटच्या बाकाच्या मागे गोणपाट पसरलं गेलं. मनूने मागे वळून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि पुन्हा पुढं वळली. हजेरी सुरू झाली. मनूचं नाव आलं, तेव्हा मी कान टवकारले. मागून आवाज आला नाही. आत्या शेवळंही निवडत नव्हती. हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. शेवटी बाईंनी हजेरीवरून मान वर केली आणि गमतीने विचारलं, आजी, तुमचं नाव राहिलं की. काय नाव?

तीन शाळांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिथं ती पोरीची आत्या होती. आत्या आधी गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली.

"चांगुणा गोमा," ती म्हणाली. पुढं आडनाव सांगितलं, ते माहेरचं. मग थोडं थांबून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर."

मी कामावर अर्धा तास उशिरा पोचले. आता महिना झाला, आत्या रोज जाते. मनू म्हणते, भागाकारात आजी कच्ची आहे, पण कविता सगळ्यांच्या आधी पाठ. माझ्या दंडावर चार दिवस निळा डाग होता. नवऱ्याने विचारलं, हे काय झालं?

मी म्हटलं, शाळेच्या दारात डोंगळा चावला.